ठोका अडल्याची दवंडी

संधिवाताची सूज हृदयापर्यंत पोचल्यापासून मंदाकिनीचा ठोका मध्येच अडायचा. छातीत बसवलेलं यंत्र त्याला ढकलून पुन्हा चालू करायचं आणि लगेच साऱ्या नातेवाइकांना फोनवर कळवायचं. आज तीनदा अडला. दुपारपर्यंत अकरा जण शहाळी घेऊन बघायला हजर.

"वहिनी, तुम्ही पडून राहा हं," नणंद बाहेरून म्हणाली. "माझ्या चहात साखर नको."

सुजलेल्या बोटांनी आलं किसताना ठोका पुन्हा अडला. बाहेर अकरा फोन वाजले. उठलं कुणीच नाही.

"मेल्या, ढकलायचं तर ढकल, दवंडी कशाला पिटतोस?" मंदाकिनी यंत्रावर खेकसली. गॅस बंद करून ती तिथेच फरशीवर आडवी झाली.

दहा मिनिटांत ठोका सुरळीत झाला. यंत्राने तेही कळवलं.

"बरं वाटतंय ना, वहिनी?" नणंद खूश झाली. "मग आता जेवूनच जातो."