खरा जोर

धाकटीचा पंजा टेबलाला टेकला आणि ताईचं डोकं फिरलं.

“पुन्हा मुद्दाम हरलीस.”

“तुझा जोर वाढलाय, त्याला मी काय करू?” धाकटी मनगट चोळत म्हणाली.

ताईचा जोर आणि वाढणार? पेशींना ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच जन्मापासून अधू. पायांनी कधीच राजीनामा दिलेला, पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या, मधूनच झटके यायचे, आणि हातांत खुर्चीची चाकं फिरवण्यापुरती ताकद. तरी त्याच खुर्चीतून ती दिवसभर गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि भल्याभल्यांना घाम फोडायची. तिचे डॉक्टरसुद्धा तिच्याशी जपून बोलत.

हा आजार आईकडून मुलांत उतरतो, कोणात किती ते सांगता येत नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. ताईने त्यातही समाधान शोधलं होतं. आईकडचं हे दान सगळंच्या सगळं आपल्या पदरात पडलं, धाकटी सुटली. धाकटी सुतारकाम करायची, जाडजूड फळ्या एकटी खांद्यावर घ्यायची. तिच्याकडे पाहिलं की ताईला आपलं दुखणं हलकं वाटायचं.

अलीकडे मात्र बाईसाहेबांचा थाट वाढला होता. रंधा मारायला कारागीर ठेवला होता. एका मजल्यासाठीही लिफ्ट लागायची. आल्या आल्या खुर्ची ओढून बसायची. “शेठाणी झालीस,” असं ताई चिडवायची आणि मनातून खूश व्हायची. धंदा जोरात होता तर.

पण ही पंजातली दया तिला सोसेना.

“लहानपणी तू मला कधी जिंकू दिलं नाहीस. मी रडले तरी नाही. मला तेच आवडायचं गं. आता कीव करायला लागलीस?”

“कीव नाही, ताई.”

“मग माझी शपथ आहे तुला. सगळा जोर लाव. हरू दे मला.”

 धाकटीने बाही सरकवली आणि कोपर टेकवलं.

पंजे गुंतले. ताईचा दंड थरथरू लागला. धाकटीच्या कपाळावर शीर उभी राहिली. नाटक करावं तर हिनेच, ताईच्या मनात आलं. दोन्ही हात क्षणभर मध्येच अडकले आणि मग धाकटीचा हात हळूहळू कलंडला.

ताई संतापली. “माझी शपथसुद्धा मोडलीस?”

“नाही, ताई,” धाकटी म्हणाली. “पाळली.”