गच्चीवरून दिसलेलं

मृत्युंजयला पाठांतराला भिंत चालत नव्हती, आई लागायची. स्पर्धा परीक्षेची मुलाखत महिन्यावर आलेली. घरातल्या अडाणी माणसाला समजेल असं उत्तर बोलून दाखवा, असं पुण्याच्या क्लासवाल्या सरांनी सांगितलेलं. तेव्हापासून त्यानं उमाबाईंना धरलं होतं. दुकानात गिऱ्हाईक असो नाहीतर चुलीवर दूध, हा खुर्ची ओढून समोर. अडाणी म्हणताना जरा आवाज तरी खाली करावा, तेही नाही.

आज सामुदायिक पोलिसिंग होतं. पोलीस आणि जनता यांच्यातला विश्वास, मोहल्ला समित्या, ग्रामसुरक्षा दल.

"म्हंजे गावानं जमादाराला खरं सांगायचं, आन् जमादारानं ते ऐकायचं. एवढंच ना?"

"एवढंच. पण ते दोन मिनिटं बोलायचं, आई."

उमाबाई हसल्या नाहीत. कालपासून त्यांना हसू येत नव्हतं, रडूही येत नव्हतं.

समोर नबीचं गॅरेज बंद होतं. कालच्या बाजारात एका पुढाऱ्याच्या पुतण्याची जीप गॅरेजपुढं आडवी लागली. नबीचा अबरार म्हणाला, जरा बाजूला घ्या. शिवीगाळ झाली. ड्रायव्हरनं जीप काढली, तसा पुतण्या पायरीवर लटकून अबरारला लाथ मारायला गेला आणि तोल जाऊन डोक्यावर आपटला. संध्याकाळी पोलिसांनी अबरारलाच नेलं. पान्ह्यानं डोकं फोडलं, अशी तक्रार होती.

मृत्युंजयनं हे सगळं गच्चीवरून पाहिलेलं. जेवताना त्यानंच हात हलवून आईला सांगितलं होतं. अबरार लहानपणापासूनचा सोबती. बीडला पेपर असला की ह्याला गाडीवर घेऊन जाणारा तोच.

दुपारी बीटचे जमादार दुकानात आले. तांब्याभर पाणी प्यायले.

"मावशी, गाव तोंड कावून उघडंना? पोरगं वाईट न्हाई, मला ठावं हाय. एक जण जरी बोलला तरी मी साहेबांपुढं घालतो."

रस्त्यापलीकडं बंद शटरला टेकून कुणाचीतरी सावली उभी होती. नबीच असणार. तो इकडं येत नव्हता, जातही नव्हता.

उमाबाईंनी मुलाकडं तोंड वळवलं. वाट पाहिली. पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. त्यांनी टोपलीतली शेंग फोडली आणि दाणे फोलपटांत टाकले.

"मी बघितलं," त्या म्हणाल्या. आणि सगळं सांगितलं. पायरी, लाथ, तोल. मृत्युंजयनं वापरलेलेच शब्द, त्याच क्रमानं.

जमादारांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मावशी, तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी दारात उभा, तरी तुमी इचारलं कोण हाय. वकील पयलं हेच धरील. तुमाला हे कुणी सांगितलं, तेवढं नाव द्या."

नाव उमाबाईंच्या जिभेवर होतं. पण ते ज्याचं त्यानं घ्यायला पाहिजे होतं. त्यांनी टोपलीतली दुसरी शेंग उचलली.

"तुमी होता का घरी?" जमादारांनी मृत्युंजयला विचारलं.

"होतो. पण अभ्यास चालू होता. लक्ष नव्हतं."

जमादार उठले. मग टोपी घालून निघून गेले. पलीकडं शटरापाशीही आता कुणी नव्हतं.

मृत्युंजय जवळ येऊन बसला. "आई, एकदा असल्या प्रकरणात नाव आलं की लई भानगडी होतात. पुढारी मागं लागतो. मला एकदा साहेब होऊ दे. मग मीच बघतो अबरारचं."

उमाबाईंना वाटलं होतं, राग येईल. आला नाही. बधिर झालेला पाय आपलाच आहे का, हे हात लावून बघावं, तसा त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"होशील तू साहेब," त्या म्हणाल्या. "पण नेमणूक लांब कुठंतरी माग. हितं आपली माणसं राहत्यात."