पूर्ण विश्वास

फुटबॉल प्रशिक्षक म्हणून त्याने अर्धं जग पालथं घातलं होतं, म्हणजे अर्ध्या जगाने त्याला हाकललं होतं. क्लब हरायला लागला की अध्यक्ष पत्रकारांना हसून सांगायचे, “आमचा यांच्यावर पूर्ण विश्वास आहे,” आणि त्याच आठवड्यात त्याला नारळ द्यायचे. शेवटी कुणीच बोलावेना, तेव्हा तो कायमचा घरी आला. स्वतःच्याच घरात त्याला दिव्याचं बटण सापडेना. जेवताना लेकीने टोमणा मारला, “बाबा, इथे तरी टिकाल ना?” “टिकतील गं,” बायको वाढता वाढता म्हणाली, “माझा पूर्ण विश्वास आहे यांच्यावर.” त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. उठून त्याने हात धुतले, कोट चढवला आणि बायकोशी हस्तांदोलन केलं. “संधी दिल्याबद्दल आभारी आहे.” लेक खदखदून हसली. बायकोला मात्र त्याचा हात थंडगार लागला. त्याने विचारलं, “माझ्या जागी कोण येतंय?”