सरकार, कंपनी आणि एडका

"आत कुणी नाही ना?" मुख्याध्यापिका टोणपेबाईंनी एडक्याचा दोर मुठीत आवळला.

जागा सरकारची, पैसा कंपनीचा, अशा भागीदारीतून शाळेला दोन खोल्या मिळाल्या होत्या. बाईंची सही झाली की उद्यापासून त्रेचाळीस पोरं आत बसणार होती. पण ह्या धनगरवाडीत नव्या भिंतीनं एडक्याची टक्कर झेलल्याशिवाय तिच्याआड लेकरू निजवत नाहीत. त्यात हा फौजदार नावाचा एडका म्हणजे एकदा रोडरोलर मागं सारलेला गडी!

"मी आहे की आत!" कंपनीचा इंजिनिअर शेलार खिडकीतून हसला. "भिंतीला पाठ लावून उभा राहतो. शिंगं मोडली तर रडू नका, बाई."

"साहेब, आधी बाहेर या."

"सोडा हो!" त्यानं भिंतीवर थाप मारली.

त्या आवाजानं फौजदार बिथरला. बाईंच्या तळव्याचं सालटं काढत दोर निसटला. धडक बसली, भिंत खारी बिस्किटासारखी फुटली आणि शेलार विटांखाली गाडला गेला. त्याची नडगी मोडल्याचा आवाज पलीकडच्या डोंगरावर मेंढरांनीसुद्धा ऐकला म्हणतात.

चौघांनी त्याला ओढून काढलं. डोक्यातून रक्ताची धार लागली होती.

"जीप येईपर्यंत शेजारच्या खोलीत सावलीला ठेवा," बाई म्हणाल्या.

शेलार किंचाळला, "तिथं नको! उन्हात ठेवा! ह्या खोलीत निदान थोडं सिमेंट तरी होतं!"

बाईंनी सहीचा कागद टराटरा फाडला. पोरांच्या आया उरलेली खोली पाडायला पहारी घेऊन धावल्या. पहिलीनं पदर खोचायला पहार भिंतीला टेकवली, तेवढ्यानंच दुसरी खोली खाली बसली.