बिनजोड

रीळ तिनं खिडकीपाशी नेलं आणि डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. एकही जोड लागला नाही. केसाहून बारीक काळा धागा, आणि सबंध रिळावर कुठे फुगवटा म्हणून नाही. असं हे सलग नववं रीळ.

तिला ते पटेना. दोन वर्षं ती गॅसपासून धागा ओढायचं काम करत होती. भट्टीच्या नळीत गॅस तापून त्याची काजळी व्हायची. ती विरून न जाता, मोजा लोंबावा तशी नळीच्या तोंडाशी लोंबायची. सळईनं अलगद बाहेर घेतली की तिचा धागा व्हायचा. चिवट इतका, की पोलादानं हात टेकावेत. पण पाळीत चार-पाचदा तो तुटायचाच. छताजवळच्या सेन्सरला हवेत गॅस लागला की अलार्म बोंबलायचा, गॅस आपोआप बंद व्हायचा, धागा तुटायचा. मग पुन्हा सुरुवात, पुन्हा जोड.

गेले नऊ दिवस काहीच तुटत नव्हतं.

भट्टीवर मामा होते. तिचे सख्खे मामा. त्यांनीच तिला इथे चिकटवलं होतं, त्यामुळे तिला स्वतःच्याच संशयाची लाज वाटायची. पण नऊ दिवस तेच तिला काहीतरी निमित्त काढून बाहेर पिटाळत होते. जा, स्टोअरमधून लेबलं आण. जा, ऑफिसात बसून नोंदी उतरवून काढ. आपली पाठ वळली की रीळ बदलत असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. कुठून तरी दुसऱ्याचा धागा आणून आपला म्हणून लावायचा.

आज धागा विकत घेऊ पाहणारे पाहुणे यायचे होते. काचेपलीकडे उभं राहून ते धागा निघताना बघणार होते. धागा अखंड दिसला नाही तर ही भट्टी कायमची विझली समजा, असं साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं.

"पाहुण्यांच्या खुर्च्या लावायच्यात, जा," मामा म्हणाले.

ती गेली आणि मागच्या दारानं परत आली.

दुसरं रीळ कुठेच नव्हतं. धागा भट्टीतूनच येत होता, सरसर रिळावर चढत होता. मामा पाठमोरे उभे होते. तिचा जीव भांड्यात पडला. मग एकदम तिच्या लक्षात आलं, नऊ दिवसांत तो अलार्मही ऐकू आलेला नाही.

तिनं वर पाहिलं. सेन्सरवर प्लॅस्टिकची पिशवी होती, वरून रबरबँड.

"मामा, हे काय?"

ते दचकले. "अगं, तो मेला खोटाच ओरडतो. बघतेस ना दोन वर्षं? उगाच बोंबलतो आणि सगळ्यावर पाणी फिरवतो."

"खोटा ओरडतो?"

"शंभर टक्के."

"मग मला रोज बाहेर का पाठवता?"

मामांनी रुमालानं मान पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

तिनं भिंतीला टेकलेली शिडी ओढली. त्या गॅसला वास नव्हता. साठला आणि एक ठिणगी पडली, तर खोली छपरासकट गेली असती. मामा शिडीला धरून म्हणाले, "हात जोडतो तुला. अर्धा तास थांब. पाहुणे काचेपाशी आलेत गं."

तिनं पिशवी ओढून काढली.

चार श्वासही झाले नसतील. अलार्म किंचाळला, गॅस बंद झाला. नळीच्या तोंडाशी लोंबणारा मोजा थरथरला, आक्रसला आणि धागा तुटला. हवेतला गॅस मोजणाऱ्या मीटरचा काटा लाल पट्ट्याच्या पार टोकाला टेकला होता. तिनं मामांचं मनगट धरलं आणि त्यांना जवळजवळ फरफटत अंगणात आणलं.

मामा तिथल्या कठड्यावर बसले.

"तुला काही झालं असतं तर ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"आणि तुम्हाला झालं असतं तर मी?"



पलीकडे पाहुण्यांना घाईघाईनं फाटकाकडे नेत होते. साहेब त्यांना सोडून तरातरा या दोघांकडे आले. काय झालं, कुणाला लागलं का, काहीच विचारलं नाही. तिनं अजून कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, आणि मामा तर जागचे हललेही नव्हते.

साहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं, खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती पिशवी कुठाय?"

मामांनी डोळे मिटून घेतले. तिनं ओढणीखाली पिशवी धरलेली मूठ आवळली.

"कुठली पिशवी, साहेब?"