विसाव्या वर्षी चाळशी

डाळीतला खडा नवऱ्याच्या दाताखाली आला की सासू गोजराला धारेवर धरायची. "मालेगावच्या मोटारीतून कोन उतरलं थे तुले वाडीतून दिसते, अन् सुपातला खडा दिसत नाही? मुद्दाम ठेवतं तू." शेवटी नवऱ्याने तिला वाशीमला नेलं. डोळे जन्मापासून आखूड आहेत, म्हणून दूरचं स्वच्छ आणि जवळचं पुसट दिसतं, असं सांगून डॉक्टरने फुगीर भिंगांचा चष्मा दिला. तो पाहून सासू आणखीच भडकली. "हे तं चाळशी हाय. चाळशी चाळिशीतच लागते. म्हातारी घोडी विशीची म्हनून आपल्या गळ्यात बांधली हिच्या बापानं." गोजराने चष्मा चढवला, सूप ओढलं, डाळ निवडली आणि निघालेले अकरा खडे सासूच्या तळहातावर ठेवले. "आत्याबाई, आतापर्यंत दिसले नाही म्हनून राह्यले. यापुढं घासात खडा आला, तं तो मी मुद्दाम ठेवला समजा."