सुहासचं पान

रविवारी सकाळी कॉलनीची भिंत पुन्हा रंगवायला सगळे जमले, पण शालनवहिनींना आधी सुहासचं पान बघायचं होतं. भिंतीवरच्या वडाची पानं म्हणजे रहिवाशांच्या तळव्यांचे ठसे. ज्याच्या त्याच्या रक्ताचा थेंब घालून केलेला तो रंग माणूस जिवंत असेपर्यंत हिरवा राहायचा, मग एका दिवसात राखाडी पडायचा. म्हणून खोड आणि आभाळ दरवर्षी रंगवलं, तरी पानांना कुणी ब्रश लावत नसे.

मुलाचा जहाजावरून नऊ दिवसांत फोन नव्हता.

"दुपारी या ना, वहिनी," दळवीकाका शिडीवरून म्हणाले. "खाली सगळा रंग सांडलाय."

"तेवढं एक पान बघते नि जाते."

पान हिरवंगार होतं. वहिनींचा जीव भांड्यात पडला. रोजच्यासारखा त्यांनी त्यावर तळवा ठेवला आणि "जेवलास का रे?" असं पुटपुटल्या.

हात काढला, तर तळव्याला हिरवा रंग लागला होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं. दळवीकाका रिकाम्या डब्यात ब्रश ढवळत होते, आणि बाकी कुणीच मान वर करत नव्हतं.